पक्षी सर्वांचा, जमीन कुणाची? अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीचा इतिहास

#धागा

१/
दर वसंतात अमेरिकेतील लाखो शिकारी पहाटेच्या अंधारात रानटर्कीच्या मागावर निघतात. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे पैसे मोजून खासगी जमिनीवर, वाटाड्याच्या सोबतीने शिकार करणे. दुसरी म्हणजे राष्ट्रीय अरण्यात किंवा राज्याच्या सार्वजनिक रानात आपल्याच पायांनी आणि आपल्याच अकलेने पक्षी शोधणे. वरवर पाहता हा ऐपतीचा आणि आवडीचा प्रश्न वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र तीनशे वर्षांहून जुना वाद आहे. रानातला पक्षी कुणाचा? तो ज्या जमिनीवर चरतो तिच्या मालकाचा, की सर्वांचा?

२/
प्रथम पक्ष्याविषयी. टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. त्याच्या प्रवासाचा एक टप्पा आपल्या गोव्यातही आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू आणल्या, त्यांत एक टर्की होता. डोक्याचे व मानेचे रंग पालटणाऱ्या या पक्ष्याने बादशहा चकित झाला आणि त्याने चित्रकार मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

३/
तो पक्षी पाळीव होता. रानटर्कीची गोष्ट वेगळी. तो रात्री उंच झाडावर बसतो, त्याची नजर अतिशय तीक्ष्ण असते आणि तो कमालीचा सावध असतो. वसंतात नर पहाटे झाडावरूनच साद घालतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी हा क्रम उलटा करू पाहतो. झाडाच्या बुंध्याशी निश्चल बसून तो मादीच्या आवाजाची नक्कल करतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. या नकलेसाठी लाकडी पेटीसारखे एक वाद्य वापरतात. आर्कान्सामधील हेन्री गिब्सनने १८९७ साली त्याचे पेटंट घेतले.

४/
या शिकारीत बंदुकीच्या नेमापेक्षा रानाची माहिती अधिक मोलाची ठरते. पक्षी कोणत्या झाडावर निजतो, उतरल्यावर कोणत्या वाटेने जातो, हे ठाऊक असणे म्हणजे अर्धी शिकार. वाटाडी संस्था ही माहितीच विकतात. त्यांचा माणूस आठवडे आठवडे पाळत ठेवतो, लपण्याची जागा तयार करतो आणि सादही घालतो. अशा दोन-तीन दिवसांसाठी हजार-दोन हजार डॉलर सहज मोजावे लागतात. सार्वजनिक रानात ही माहिती स्वतः कमवावी लागते आणि त्याच माहितीच्या शोधात इतर शिकारीही हिंडत असतात. राज्याचा शिकार परवाना मात्र दोघांनाही लागतो. तो का, याचे उत्तर इंग्लंडमध्ये सापडते.

५/
नॉर्मन राजांनी १०६६ नंतर इंग्लंडची विस्तीर्ण राने राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवली. पुढे हा हक्क जमीनदारांकडे सरकला. १६७१ च्या शिकार कायद्यानुसार ज्याच्या मालकीच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न किमान १०० पौंड आहे, अशा वर्गालाच शिकारीची मुभा होती. त्याहून लहान शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला तितर मारला, तरी तो गुन्हा ठरे. ही पात्रतेची अट १८३१ पर्यंत टिकली. शिकार हे तेथे सामाजिक दर्जाचे चिन्ह होते आणि चोरून शिकार करणाऱ्या गरिबाला त्याची जबर किंमत मोजावी लागे.

६/
अमेरिकेत गेलेल्या वसाहतकारांना ही व्यवस्था नको होती. पेन्सिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेत स्वतःच्या जमिनीवर, तसेच कुंपण नसलेल्या इतर कोणत्याही जमिनीवर शिकार करण्याचे स्वातंत्र्य रहिवाशांना दिले गेले. १७७७ च्या व्हरमाँटच्या घटनेतही तसेच कलम आले. आपल्याकडील गायरानाची कल्पना येथे उपयोगी पडेल. फरक इतकाच, की अमेरिकेत खासगी मालकीचे, पण कुंपण न घातलेले रानही शिकारीपुरते गायरानासारखे मानले गेले.

७/
या स्वातंत्र्याची दुसरी बाजू नजरेआड करता येणार नाही. ज्या रानाला वसाहतकार ‘मोकळे’ म्हणत होते, ते आदिवासी राष्ट्रांचे होते. त्यांनी शतकानुशतके टर्कीचे मांस खाल्ले, त्याच्या पिसांची उबदार वस्त्रे विणली आणि पंखांच्या हाडांपासून साद घालण्याच्या नळ्या केल्या. करारांनी, युद्धांनी आणि हकालपट्टीने ती जमीन त्यांच्या हातून गेली. आजच्या सार्वजनिक जमिनीचा इतिहास या हरणाशिवाय पूर्ण होत नाही.

८/
सर्वांना मोकळीक आणि कुणावरच जबाबदारी नाही, याचा परिणाम लवकर दिसला. टर्की गाड्या भरभरून शहरांच्या बाजारात जाऊ लागले. शेतीसाठी जंगले तुटली आणि पक्ष्याचा निवाराही गेला. कनेटिकटमध्ये १८१३ पर्यंत रानटर्की संपला. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा ज्ञात पक्षी १८५१ साली माउंट टॉम या डोंगरावर मारला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुष्कळ राज्यांतून तो नाहीसा झाला आणि १९३० च्या दशकात सबंध देशात जेमतेम दोन लाख पक्षी उरले असावेत, असा अंदाज केला जातो.

९/
दरम्यान न्यायालयांत एक तत्त्व आकार घेत होते. १८४२ च्या ‘मार्टिन विरुद्ध वॅडेल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राजाकडे प्रजेसाठी विश्वस्त म्हणून असलेले जलाशयांवरील हक्क क्रांतीनंतर राज्यांच्या जनतेकडे आले आहेत. १८९६ च्या ‘गीअर विरुद्ध कनेटिकट’ या निकालाने वन्य पक्षी व प्राणी राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायचे आहेत, हे सूत्र ठळक केले. १९७९ मध्ये ‘ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा’ या निकालाने राज्याच्या ‘मालकी’चा भाग रद्द केला, पण संरक्षण व नियमन करण्याचा राज्याचा अधिकार कायम राहिला.

१०/
याचा व्यावहारिक अर्थ असा. जमीनमालक आपल्या जमिनीवरच्या टर्कीचा मालक नसतो. तो केवळ प्रवेशाचा मालक असतो. पैसे भरून खासगी रानात शिरलेला पाहुणा पक्षी विकत घेत नाही. तो फाटकातून आत जाण्याची परवानगी आणि वाटाड्याचे ज्ञान विकत घेतो. पक्ष्यासाठी त्याला राज्याचा परवाना घ्यावाच लागतो, आणि हंगाम व संख्येची मर्यादाही पाळावी लागते. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा आंतरराज्य व्यापार केंद्रीय गुन्हा ठरवला आणि बाजारी शिकारीला मोठा चाप बसला.

११/
आता वाटाड्यांकडे वळू. अमेरिकेत हा व्यवसाय प्रथम ईशान्येच्या डोंगराळ भागात रुजला. विल्यम मरे या धर्मोपदेशकाचे ॲडिरॉनडॅक डोंगरांवरील पुस्तक १८६९ मध्ये निघाले आणि शहरी पाहुण्यांची रीघ लागली. स्थानिक लाकूडतोडे आणि शिकारी त्यांचे वाटाडे झाले. १८९७ मध्ये मेन राज्याने वाटाड्यांना परवाना सक्तीचा केला. पहिला परवाना मिळाला तो कॉर्नेलिया क्रॉस्बी या स्त्रीला. परवान्यामुळे या कामाला प्रतिष्ठा आली, तसेच रानातल्या प्रत्येक पाहुण्यावर राज्याची नजरही राहू लागली.

१२/
टर्कीच्या शिकारीची जुनी परंपरा मात्र दक्षिणेकडील राज्यांत होती आणि तिथली कथा अधिक कडवट आहे. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी शिकार आणि मासेमारी हा स्वावलंबनाचा आधार होता. रानातून अन्न मिळत असेल, तर मळेवाल्याच्या शेतावर त्याच्या अटींवर राबण्याची गरज कमी होत असे. म्हणूनच मळेवाल्यांनी परजमिनीवर प्रवेशबंदी करणाऱ्या आणि शिकारीवर मर्यादा आणणाऱ्या कायद्यांचा आग्रह धरला. ‘जमीन खासगी आहे’ हे वाक्य तेथे मजुरांना मुठीत ठेवण्याचे साधनही होते.

१३/
या काळाचे प्रतीक म्हणावा असा माणूस म्हणजे मिसिसिपीचा होल्ट कॉलियर. गुलामगिरीत जन्मलेला हा शिकारी पुढे अस्वलांच्या शिकारीचा नामांकित वाटाड्या झाला. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला आले, तेव्हा कॉलियरनेच अस्वल गाठून झाडाला बांधले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडण्यास रूझवेल्ट यांनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघाले आणि त्यातून ‘टेडी बेअर’ जन्माला आला. जगाला पाहुण्याचे नाव ठाऊक आहे. रान ज्याला ठाऊक होते त्या वाटाड्याचे नाव फार थोड्यांना.

१४/
त्याच सुमारास दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आणखी एक बदल घडत होता. भातशेतीचे जुने मळे गुलामगिरी संपल्यावर डबघाईला आले होते. उत्तरेकडचे धनिक ते शिकारीसाठी विकत घेऊ लागले. वॉल स्ट्रीटवरचे बर्नार्ड बारूक यांनी १९०५ मध्ये हॉबकॉ बॅरनी ही मालमत्ता घ्यायला सुरुवात केली. हिवाळ्यात तेथे बडे पाहुणे येत, आणि बदके, टर्की व हरणे यांच्या शिकारीसाठी स्थानिक माणसे त्यांना रानात नेत. सोयीस्कर निवास, राखलेले रान आणि सोबत जाणकार माणूस, हा आजच्या वाटाडी शिकारीचा साचा अशा मळ्यांवर पक्का झाला.

१५/
याच किनाऱ्यावर दुसरी वाटही तयार झाली. लाकूड कंपन्यांनी उंच पाइनची जंगले तोडून उजाड जमीन मागे टाकली होती. १९११ च्या वीक्स कायद्याने केंद्र सरकारला पूर्वेकडील राज्यांत अरण्यासाठी जमीन विकत घेण्याचा मार्ग खुला केला. महामंदीच्या काळात अशी जमीन स्वस्तात मिळाली आणि १९३६ मध्ये फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय अरण्य घोषित झाले. पश्चिमेकडे सरकारी जमीन मुळातच अफाट होती. पूर्वेकडे मात्र बरीचशी सार्वजनिक राने अशी विकत घेऊन, पुन्हा झाडे लावून उभी करावी लागली.

१६/
या दोन वाटांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडला तो आल्डो लिओपोल्ड यांनी. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेले अमेरिकेचे शिकार धोरण १९३० मध्ये स्वीकारले गेले. युरोपसारखी, शिकार जमीनमालकाच्या हाती सोपवणारी पद्धत त्यांना नको होती. पण केवळ कायदे करून पक्षी वाचत नाहीत, हेही त्यांनी ओळखले. जिथे जमीन स्वस्त आहे तिथे ती सार्वजनिक करावी, आणि शेतजमिनीवर निवारा राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. आजचा वाद बहुतांशी याच दोन सूत्रांमधला आहे.

१७/
पैशांचा प्रश्न १९३७ मध्ये सुटला. त्या वर्षीच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील अबकारी कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव कामासाठी बांधून ठेवले. लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवर हा कर आज ११ टक्के आहे. राज्याने शिकार परवान्यांचे पैसे अन्यत्र वळवू नयेत, अशी अटही त्यात आहे. श्रीमंत पाहुणा असो वा सार्वजनिक रानातला पायी शिकारी, काडतूस घेताना दोघेही एकाच निधीत भर घालतात.

१८/
निधी मिळाला, तरी पक्षी परत येईनात. अनेक राज्यांनी रानटर्कीची अंडी उबवून हजारो पिले वाढवली आणि रानात सोडली. ती टिकली नाहीत. रानटर्कीचे पिलू घुबड, कोल्हा, बोचरी थंडी यांतून वाचण्याची विद्या आईमागे फिरतच शिकते. पिंजऱ्यातल्या पिलांना ती विद्या कुणी दिलीच नव्हती. खरे रानपक्षी पकडून दुसरीकडे सोडणे एवढाच उपाय उरला होता. पण इतका सावध पक्षी कळपाने पकडायचा कसा?

१९/
उत्तर मिळाले फ्रान्सिस मॅरियन अरण्यात. तेथील दलदलीत शुद्ध रानटी वाणाचे टर्की तगून राहिले होते. बदके व हंस पकडण्यासाठी एक युक्ती वापरात आली होती. दाणे टाकून पक्षी जमवायचे आणि लहान तोफांच्या बाराने त्यांच्यावर जाळे उडवायचे. जीवशास्त्रज्ञ हर्मन ‘डफ’ होलब्रूक यांनी १९५१ मध्ये ती टर्कीवर यशस्वी करून दाखवली. उजाड म्हणून स्वस्तात घेतलेल्या सार्वजनिक जमिनीवरचे पक्षी आता इतर रानांत जाऊ लागले.

२०/
पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. मिझुरीने १९६० मध्ये अवघ्या तीन दिवसांचा वसंत हंगाम पुन्हा सुरू केला. त्यात ९४ पक्षी मारले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यू यॉर्कहून आणलेले ३७ पक्षी सोडले गेले आणि सव्वाशे वर्षांनी तेथे पुन्हा साद घुमली. काही राज्यांत तर अदलाबदल झाली: मिझुरीने केंटकीला टर्की दिले आणि बदल्यात पाणमांजरे घेतली. १९७३ मध्ये राष्ट्रीय रानटर्की महासंघ स्थापन झाला, तेव्हा देशात सुमारे १३ लाख टर्की होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या ७० लाखांच्या आसपास पोहोचली. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो.

२१/
मग खासगी जमिनीचे काहीच श्रेय नाही का? आहे, आणि मोठे आहे. १८४५ मध्ये संघराज्यात सामील होताना टेक्सासने आपल्या जमिनी स्वतःकडेच ठेवल्या आणि पुढे त्या बहुतांशी विकल्या वा वाटल्या. परिणामी तेथील सुमारे ९५ टक्के जमीन आज खासगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किंग रँचवर सीझर क्लेबर्ग यांनी राज्याच्या कायद्याहून कडक निर्बंध घातले आणि अशा रँचवर टर्की तगला. शिकारीच्या भाडेपट्ट्यातून उत्पन्न मिळते, म्हणून रँचमालक झाडोरा राखतो. टेक्सासमध्ये वाटाडी शिकार ही चैन कमी आणि रानात शिरण्याचा रूढ मार्ग अधिक आहे.

२२/
उलटपक्षी, सार्वजनिक जमीनही निष्कलंक नाही. दक्षिण डकोटातील ब्लॅक हिल्स हे सार्वजनिक जमिनीवरील टर्कीच्या शिकारीसाठी प्रसिद्ध ठिकाण. तेथला टर्की मूळचा नव्हे; १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यू मेक्सिको व कोलोरॅडोतून आणलेल्या पक्ष्यांची ती प्रजा आहे. आणि ती भूमी १८६८ च्या कराराने लकोटा लोकांची होती. १८७७ मध्ये ती हिरावून घेतली गेली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. लकोटांनी ती रक्कम आजवर स्वीकारलेली नाही. त्यांना जमीन हवी आहे.

२३/
आता वर्तमान. गेल्या काही वर्षांत आग्नेय आणि मध्य भागांतील अनेक राज्यांत टर्कीची संख्या घटली आहे. घरट्यांचे नुकसान, बदललेला निवारा, शिकारीचा काळ, अशा अनेक कारणांचा अभ्यास चालू आहे. अलाबामाने २०२२ च्या हंगामापासून प्रत्येकी पाच नरांची मर्यादा चारवर आणली. नेब्रास्काने २०२३ मध्ये परराज्यातील शिकाऱ्यांचे वसंत परवाने १०,००० वर रोखले. पक्षी कमी आणि शिकारी अनेक असतील, तर सार्वजनिक रानात गर्दीचा जाच पहिल्यांदा जाणवतो. मग ज्याला परवडते तो खासगी फाटकाकडे वळतो.

२४/
भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे शिकार जवळपास पूर्णतः बंद आहे. त्यामुळे ही निवड आपल्याला परकी वाटणे स्वाभाविक आहे. पण सामायिक संपत्ती मोकाट सोडली तर ती संपते, आणि कुंपणाआड गेली तर ती थोड्यांचीच होते, ही अडचण गायराने, देवराया आणि नदीकाठ पाहिलेल्या आपल्या समाजाला नवी नाही. अमेरिकेने काढलेला तोडगा मधला आहे: पक्षी सर्वांचा, प्रवेश जमीनमालकाच्या हाती, आणि सर्वांसाठी खुली राहील अशी काही जमीन जनतेच्या मालकीची.

२५/
या तोडग्याचे तिन्ही पाय परस्परांवर टेकलेले आहेत. पूर्व अमेरिकेतील बहुतेक जमीन खासगी आहे, म्हणून खासगी मालकाने रान राखले नाही तर टर्की टिकणे अवघड. आणि सार्वजनिक राने आक्रसली, तर पक्षी कागदोपत्री सर्वांचा राहील, पण तेथवर पोहोचण्याचा हक्क पुन्हा ऐपतीवर ठरेल. ते झाले, तर १६७१ चा इंग्लंडचा कायदा अटलांटिक ओलांडून नव्या रूपात आला, असेच म्हणावे लागेल. म्हणून एखादा अमेरिकन शिकारी वाटाडी घेतो की सरकारी रानाचा नकाशा उघडतो, याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की उद्या त्याच्या मुलांपुढे या दोन्ही वाटा शिल्लक असतील का.

धागा समाप्त. आपले प्रश्न, पुरवण्या आणि मतभेद प्रतिसादांत अवश्य मांडावेत.